अनुमानाची भाषा : इंग्रजीतील आणि मराठीतील

(इंग्रजी विषयाचे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय व्याकरणाचा आहे. तेव्हा तो केवळ शिक्षकांच्या उपयोगाचा, असे पंचायत सदस्यांना वाटणे साहजिक आहे. परंतु प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट, पुराव्यावरून काढलेले अनुमान आणि नुसता तर्क या तिहींमधील अंतर शब्दांत कसे राखावे, हा प्रश्न वर्गाइतकाच ग्रामपंचायतीच्या कचेरीतही उभा राहतो. म्हणून आपण दोघांनीही तो एकत्र बसून समजून घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

डोंगरावर धूर दिसतो, त्या अर्थी तेथे अग्नी असला पाहिजे, हे न्यायशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. धूर प्रत्यक्ष दिसला. अग्नी अनुमानाने कळला. हेच इंग्रजीत सांगावयाचे तर 'मस्ट बी' असा प्रयोग येतो. येथे 'मस्ट'मध्ये अग्नीला आज्ञा नाही. पुरावा पाहता दुसरा निष्कर्ष संभवत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

इंग्रजीतील या सहायक क्रियापदांची एक उतरंडच आहे. एखाद्याच्या दाराशी सायकल उभी आहे, आत दिवा लागला आहे, बोलणे ऐकू येते. अशा वेळी 'ही मस्ट बी अ‍ॅट होम', म्हणजे तो घरी असलाच पाहिजे. असा कोणताही पुरावा नसेल, तर 'मे', 'माइट' किंवा 'कुड' वापरावयाचे, म्हणजे तो कदाचित घरी असेल. आणि दाराला बाहेरून कुलूप दिसले, तर 'ही कान्ट बी अ‍ॅट होम', म्हणजे तो घरी असणे शक्य नाही. पुरावा बदलला की क्रियापद बदलते.

राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. तरीही वरच्या वर्गांत चार चुका वारंवार आढळतात.

पहिली चूक 'कॅन'ची. 'तो घरी असू शकतो' या वाक्याचे शब्दशः भाषांतर करून मुले 'ही कॅन बी अ‍ॅट होम' असे लिहितात. एखाद्या विशिष्ट प्रसंगाविषयी होकारार्थी तर्क करताना इंग्रजीत 'कॅन' चालत नाही. तेथे 'मे', 'माइट' किंवा 'कुड' हवे. नकारार्थी वाक्यात मात्र 'कान्ट' योग्य ठरते.

दुसरी चूक नकाराची. 'मस्ट बी'च्या उलट म्हणून मुले 'मस्टन्ट बी' लिहितात. 'मस्टन्ट'चा नेहमीचा अर्थ मनाई असा आहे. अशक्यता सांगावयाची तर 'कान्ट बी' म्हणावे.

तिसरी चूक 'मे नॉट'ची. 'ही मे नॉट बी अ‍ॅट होम' याचा अर्थ तो घरी नसेलही, असा आहे. तो घरी असणे शक्य नाही, असा नव्हे. एकात संशय आहे, दुसऱ्यात जवळजवळ खात्री आहे.

चौथी चूक 'माइट'ची. 'माइट' हा 'मे'चा भूतकाळ, असे पाठ केल्यामुळे मुले तो मागील घटनेसाठी वापरतात. तर्क करताना 'माइट' वर्तमानाविषयी किंवा भविष्याविषयी असतो. फार तर त्यात 'मे'पेक्षा संशय किंचित अधिक. घडून गेलेल्या गोष्टीसाठी 'हॅव' जोडून क्रियापदाचे तिसरे रूप घ्यावे लागते. 'मस्ट हॅव गॉन' म्हणजे गेला असला पाहिजे. 'माइट हॅव गॉन' म्हणजे गेलाही असेल. 'कान्ट हॅव गॉन' म्हणजे गेला असणे शक्य नाही.

शिक्षकमित्रांना माझे सांगणे असे की, हे शिकविताना मराठीचाच आधार घ्यावा. 'मस्ट'ला कर्तव्य आणि अनुमान असे दोन अर्थ आहेत, तसेच आपल्या 'पाहिजे'लाही आहेत. 'कर वेळेवर भरला पाहिजे' हे कर्तव्य. 'पहाटे येथे पाऊस पडला असला पाहिजे' हे अनुमान. आपला विध्यर्थही तसाच आहे. 'त्याने खरे बोलावे' यात कर्तव्य आहे, तर 'तो आता पोहोचला असावा' यात तर्क आहे. ही जाण मुलाला मातृभाषेने आधीच दिलेली असते. ती वर आणणे एवढेच आपले काम.

आता पंचायत सदस्यांसाठी एक कल्पित प्रसंग घेऊ. गावात जुलाबाची साथ आली. आजारी पडलेली सर्व कुटुंबे एकाच सार्वजनिक नळाचे पाणी पितात. हातपंपाचे पाणी पिणारी घरे सुखरूप आहेत. तेव्हा नळाचे पाणी दूषित झाले असले पाहिजे, हे सबळ अनुमान होय. नळाची वाहिनी गटाराजवळून जाते. तेथे गळती असेल, हा तर्क होय. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून दूषित ठरला, म्हणजे ती वस्तुस्थिती झाली. या तीन वाक्यांना तीन निरनिराळी क्रियापदे लागतात.

परंतु अहवालात घाईने 'गटाराजवळील गळतीमुळे पाणी दूषित झाले' असे लिहिले तर काय होईल? गटाराजवळची वाहिनी बदलली जाईल, खर्ची पडेल. दोष टाकीत किंवा उद्भवाच्या विहिरीत असेल, तर तो तसाच राहील आणि लोक पुन्हा आजारी पडतील. 'असेल' हा एक शब्द राहिला असता, तर पुढील अधिकाऱ्याने टाकीही तपासली असती.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्याचा कारभार मराठीत चालतो. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र इंग्रजीत होते. त्यामुळे गावचा पंचनामा वा जबाब कधीकाळी इंग्रजीत जाण्याचा संभव असतो. 'त्याने कुंपण तोडले असावे' याचे भाषांतर 'त्याने कुंपण तोडले' असे झाले, तर संशयित मनुष्य कागदावर अपराधी ठरतो. अशा वेळी व्याकरणाची चूक ही न्यायाची चूक होते.

म्हणून लिहिण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस एक प्रश्न विचारावा : हे मी पाहिले, ताडले, की नुसते मनात आणले? त्याचे उत्तर प्रामाणिक असेल, तर 'आहे', 'असला पाहिजे' आणि 'असेल' यांपैकी योग्य शब्द आपोआप सुचेल. आणि त्याचा इंग्रजी पर्यायही चुकणार नाही.