टाके भरले, बोलायचे राहिले

(ॲडम्सटाउन येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाळंतपणातल्या टाक्यांवर भाषण करणार म्हटल्यावर नवऱ्यानेही दोनदा विचारले, "नक्की?" र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ साली सुरू केले. इतक्या वर्षांनंतर आपण एवढे तरी बोलायला हवे.

माझ्या पहिल्या बाळंतपणात फोर्सेप्स लावावे लागले आणि तिसऱ्या श्रेणीची जखम झाली. म्हणजे फाटत फाटत जखम गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूपर्यंत गेली. टाके व्यवस्थित घातले गेले, पण घरी सोडताना "जरा जास्त टाके आहेत" एवढेच सांगितले. भारतातून आई आली होती. डिंकाचे लाडू, शेक, मालिश, सगळे यथासांग झाले. ९० दिवसांचा व्हिसा संपला, आई परत गेली. पण मला गॅस आवरता येत नाही, हे मी तिला सांगितले नाही. जीवशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या बाईची ही कथा! पुढे एका फिजिओथेरपिस्टने सरळच विचारले, तेव्हा मी रडले. तिने शिकवलेल्या व्यायामाने काही महिन्यांत त्रास थांबला.

तीन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. एक मैत्रीण म्हणाली, "सरळ सिझेरियन कर." मावशी फोनवर म्हणाली, "दुसरं सोपं असतं गं, काही होत नाही." दोघींची माया खरी होती, पण माझा स्नायू कसा आहे हे दोघींनाही ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

मग मी वाचायला बसले. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची २०१५ सालची मार्गदर्शिका सांगते की पहिल्या नैसर्गिक बाळंतपणात अशी जखम १०० पैकी सुमारे ६ जणींना होते. आशियाई वंशाच्या स्त्रियांना धोका अधिक असतो. एकदा झाल्यावर पुढच्या वेळी पुन्हा होण्याचे प्रमाण १०० मागे ५ ते ७. म्हणजे ९० हून अधिक जणींना ती पुन्हा होत नाही. पण निर्णय केवळ या आकड्यावर करायचा नसतो. त्रास उरलेला नसेल आणि स्नायूची सोनोग्राफी व दाबाची तपासणी चांगली आली, तर नैसर्गिक प्रसूतीचा विचार करता येतो. त्रास असेल किंवा तपासणीत दोष दिसला, तर सिझेरियनचा पर्याय समोर ठेवला पाहिजे.

माझ्या तपासण्या चांगल्या आल्या. डॉक्टर आणि मिडवाइफबरोबर बसून मी योजना लिहून काढली: शेवटच्या आठवड्यांत योनीमार्गाच्या खालच्या भागाला मालिश, कळा देताना तिथे गरम पाण्याच्या कापडाचा शेक, डोके बाहेर येताना मिडवाइफच्या हाताचा आधार आणि घाई नाही. छेद घ्यावाच लागला तर तो तिरका, गुदद्वारापासून दूर. आणि गरज पडली तर सिझेरियन, त्याचे वाईट वाटून घ्यायचे नाही. ऐन वेळी मिडवाइफ म्हणाली, "आता जोर करू नकोस, नुसता श्वास सोड." मुलगी झाली. लहानशी जखम झाली, स्नायू शाबूत राहिला.

माझ्या एका मैत्रिणीला मात्र त्रास उरला होता. तिने सिझेरियन निवडले आणि तिचा निर्णयही माझ्याइतकाच बरोबर होता. 'नैसर्गिक' हे पदक नव्हे आणि सिझेरियन म्हणजे हार नव्हे. माहिती न मिळता निर्णय करावा लागणे, ही मात्र हार आहे.

तेव्हा दोनच विनंत्या. आयर्लंडमध्ये सहा आठवड्यांनी जीपीकडची तपासणी मोफत असते. बाळाचे वजन झाले की उठून येऊ नका. जखम कोणत्या श्रेणीची होती ते विचारा, त्रास असेल तर शब्द न चोरता सांगा. आणि इथल्या एखाद्या बाळंतिणीकडे डबा घेऊन जाल, तेव्हा बाळ कुणावर गेले हे बोलून झाल्यावर तिलाही विचारा, "तू कशी आहेस? बसता येते का नीट?" मला कुणी विचारले असते, तर मी कदाचित लवकर बोलले असते.