पाहुण्यांचा मान आणि प्रश्नकर्त्याचा हक्क



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गिरणीच्या दारावरच्या सभांत फार झाले. तेथे एक नियम पहिल्याच दिवशी कळतो. मालकाशी बोलणी करून पुढारी बाहेर आला, की त्याने सभासदांच्या प्रश्नांना उत्तरे दिली पाहिजेत. आत चहा चांगला होता, एवढे सांगून भागत नाही.

देशाचे पुढारी परदेशी जातात, तेव्हा तेथली बोलणीही जनतेच्याच नावाने होतात. जनता काही तेथवर जाऊ शकत नाही. तिच्या वतीने वार्ताहर जातो. त्याला दाराबाहेर ठेवणे म्हणजे जनतेलाच बाहेर ठेवणे होय.

क्यूबाचे उदाहरण घ्या. २० मार्च २०१६ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा हवानात उतरले. त्याआधी काही तास तेथील पोलिसांनी निदर्शने करणाऱ्या अनेकांना धरून नेले होते. दुसऱ्या दिवशी ओबामा आणि राउल कास्ट्रो वार्ताहरांपुढे आले. एका अमेरिकन वार्ताहराने विचारले, तुमच्याकडे राजकीय कैदी का आहेत? कास्ट्रो उखडले. म्हणाले, यादी द्या, असे कैदी असतील तर रात्रीच्या आत सोडतो. हा सारा प्रसंग क्यूबाच्या दूरचित्रवाणीवर लोकांनी पाहिला. एका प्रश्नाने तुरुंग उघडत नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु जे तेथल्या माणसाला विचारण्याची चोरी होती, ते त्याच्या घरात सर्वांदेखत विचारले गेले. परदेश-दौऱ्याचा हा मोठा लाभ आहे.

आता आपल्याकडे वळू. २२ जून २०२३ रोजी वॉशिंग्टनला बायडेन आणि मोदी वार्ताहरांपुढे उभे राहिले. प्रश्न दोनच, एक अमेरिकनाचा, एक भारतीयाचा. पुढे ८ सप्टेंबरला दोघे दिल्लीत भेटले, तेव्हा बायडेन यांच्याबरोबर आलेल्या वार्ताहरांना भेटीच्या जागी प्रवेश मिळाला नाही. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा विषय आपण मोदींकडे काढला, हे बायडेन यांनी वार्ताहरांना सांगितले ते १० सप्टेंबरला, हनोईत! दिल्लीतली गोष्ट दिल्लीकरांनी हनोईहून ऐकावी, हा कुठला न्याय?

पाहुण्याचा मान राखावा, असे कोणी म्हणेल. अवश्य राखावा. त्याच्या जिवाची काळजीही घ्यावी. पण प्रश्नाने मान जात नाही. उत्तर टाळल्याने जातो. यजमान आणि पाहुणा यांनी आपसांत ठरवून झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली, तर ती मूठ कोणाच्या पैशाची, हे विचारण्याचा अधिकार लोकांना आहे.

आणखी एक गोष्ट सांगून संपवतो. वॉशिंग्टनच्या त्या सभेत अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयी आणि भाषणस्वातंत्र्याविषयी एका महिला वार्ताहराने विचारले. मोदींनी उत्तर दिले. भारतात भेदभावाला जागा नाही असे सांगितले. उत्तर पटो वा न पटो, तेथे रीत पाळली गेली. पण नंतर समाजमाध्यमांवर त्या बाईंचा धर्म आणि कूळ काढून त्यांची निर्भर्त्सना झाली. शेवटी व्हाइट हाऊसला त्याचा जाहीर निषेध करावा लागला.

आमच्या चळवळीत हे आम्ही फार वेळा पाहिले आहे. सभेत विचारलेल्या प्रश्नाची किंमत कामगार पुढे खात्यात एकटा मोजतो. म्हणून संघटनेचे पहिले काम त्याच्या शेजारी उभे राहण्याचे. प्रश्न आपल्याला आवडला नसेल, तरीही! वार्ताहराच्या बाबतीत हे काम सरकारवर सोपवता येणार नाही. ते वाचकांचे, म्हणजे येथे बसलेल्या आपणा सर्वांचे आहे.

आता आपण प्रश्न विचारावेत.