नाशिकची द्राक्षे आणि बोर्दोचा बाजार

(सेक्टर 67 येथील सभेत दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या व्यासपीठावरून मद्याचा विषय निघालेला पाहून काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावल्या आहेत. मद्याच्या गुणदोषांत आम्हांस शिरायचे नाही. द्राक्षे पिकविणारा, त्यांची वाइन करणारा आणि ती विकणारा, या तिघांत पैसा व जोखीम कशी वाटली जाते, एवढाच आमचा प्रश्न आहे. गव्हाचा हमीभाव आणि मंडीतला अडत्या ज्या प्रदेशात घरोघरी चर्चेत असतो, तेथे तो परका वाटू नये.

फ्रान्समधील बोर्दो प्रांतात ज्यास ‘शातो’ म्हणतात, त्या नामांकित बागेचा मालक स्वतःच द्राक्षे पिकवितो आणि स्वतःच वाइन करतो. मात्र ती तो सहसा थेट गिऱ्हाइकास विकत नाही. मध्ये दलाल असतो. तो सुमारे 2 टक्के दलाली घेऊन माल घाऊक व्यापाऱ्याच्या गळी उतरवितो आणि व्यापारी तो जगभर पाठवितो. गंमत अशी की, हंगामानंतरच्या वसंतात, वाइन अजून लाकडी पिंपातच असताना सौदे होतात. बाटली हाती येण्यास पुढे दीड-दोन वर्षे लागतात. उत्पादकास पैसा आधी मिळतो आणि भाव पडण्याची धास्ती व्यापाऱ्याच्या डोक्यावर जाते. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनानिमित्त तेथील दलालांनी बाजारभावावरूनच बागांच्या पाच श्रेणी ठरविल्या. त्या आजही जवळजवळ तशाच आहेत. 1973 साली मूतों-रोथशिल्ड दुसरीतून पहिलीत गेली, एवढाच काय तो मोठा फेरफार. सरकारी कागदालाही असे दीर्घायुष्य क्वचितच लाभते!

आता आपल्या घरी येऊ. नाशिक जिल्हा खाण्याच्या द्राक्षांसाठी जुनाच प्रसिद्ध. वाइनचा आधुनिक प्रयत्न मात्र आधी पुणे जिल्ह्यात नारायणगावी, ऐंशीच्या दशकात, शामराव चौगुले यांनी केला. त्यांची फसफसणारी वाइन परदेशीही गेली, पण 2010 च्या सुमारास तो उद्योग कर्जात बुडाला. नाशिकला राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकात गंगापूर धरणाच्या परिसरात वेली लावल्या आणि 2000 साली ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले, उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभारले. पाहता पाहता वायनऱ्यांची रांग लागली.

येथील बरीचशी द्राक्षे वायनरीच्या स्वतःच्या बागेतली नसतात. शेतकऱ्याशी अनेक वर्षांचा करार होतो, वाण आणि भाव त्यात ठरतो. खाण्याच्या द्राक्षांत बागायतदाराचा जीव टांगणीला लागलेला असतो. अवकाळी पाऊस आला की मणी तडकतात. त्यातून वाचलेला माल उधारीवर उचलून परप्रांतीचा व्यापारी परागंदा झाल्याच्या कथाही नाशकात कमी नाहीत. त्यापुढे ठरल्या भावाचा करार म्हणजे मोठाच दिलासा.

परंतु या दिलाशाच्या पोटातच धोका आहे. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. टोपलीत घालून बाजारात बसले तर कोणी घेणार नाही, आणि बेदाण्यासही ते कामाचे नाही. म्हणजे गिऱ्हाईक एकच. 2008 च्या अखेरीस जागतिक मंदी आणि मुंबईवरील हल्ला एकापाठोपाठ आले, हॉटेले ओस पडली, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. पुढच्या हंगामांत द्राक्षे घेण्यास कोणी नव्हते. कित्येकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालविली. बाग उभी करण्यास मांडव, तारा, ठिबक यांचा खर्च आणि फळ येईपर्यंतची वर्षे लागतात. वेल तोडण्यास एक दिवस पुरतो. बोर्दोतही मागणी घटल्याने 2023 पासून हजारो हेक्टर वेली उपटल्या गेल्या. पण तेथे उपटण्यासाठी सरकारी अनुदान होते, आपल्या शेतकऱ्याने ते दुःख पदरमोड करून सोसले. आमच्या मते, कराराच्या कागदावर भाव असतो तशी माल न उचलल्यास भरपाईचीही स्पष्ट अट असावयास हवी.

जानेवारी 2022 मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय अमलात आला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात सुलाचे समभाग शेअर बाजारात आले. भागधारकांस कंपनीचे आकडे दर तिमाहीस कळू लागले. द्राक्ष देणाऱ्यासही टाक्यांत किती वाइन पडून आहे हे तितक्याच नियमाने कळावे, ही अपेक्षा आम्हांस अवाजवी वाटत नाही.

दुसरा मार्ग वाणाचा. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ‘मांजरी मेडिका’ हे खास रसासाठी वाण काढले आहे. द्राक्षास वायनरीखेरीज दुसरे दार मिळावे, असे प्रयत्न आणखी व्हावयास हवेत.

फ्रान्सची तोडणी सप्टेंबरच्या सुमारास, तर नाशिकची जानेवारी ते मार्च. त्या सुमारास गावी जाणाऱ्या सभासदांनी दिंडोरीच्या वाटेवर एखाद्या बागायतदारास विचारून शिराझचा एक मणी तोंडात टाकून पाहावा. गोडी भरपूर लागेल, पण बिया थुंकता थुंकता पुरेवाट होईल.