आपल्या नावाची मालकी

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील मान्यवर आणि ठाणे, डोंबिवली व परिसरातून आलेल्या व्यापारी बंधुभगिनींनो,

ज्या नगरीतील व्यापाऱ्यांनी आणि सुवर्णकारांनी सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कान्हेरीच्या लेण्यांना दान देताना आपले नाव, व्यवसाय आणि गाव ही तिन्ही शिळेवर कोरून ठेवली, आणि १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास आलेली आगगाडी सुमारे वर्षभराने, १८५४ साली, जिच्यापर्यंत येऊन पोहोचली, त्या कल्याण नगरीत या संमेलनाच्या स्वागतसमितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

लहान दुकानाला स्वतःचे संकेतस्थळ हवे काय, हा आजच्या चर्चेचा विषय आहे. त्याचे सरसकट उत्तर देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले गिऱ्हाईक कोठून येते हे पाहावे, अशी माझी विनंती आहे. ज्या किराणा दुकानाची उलाढाल आसपासच्या चार आळ्यांवर चालते, जेथे सामानाची यादी व्हॉट्सॲपवर येते, पैसे यूपीआयने जमा होतात आणि पोऱ्या पिशवी घरपोच करतो, त्या दुकानदाराला संकेतस्थळाची निकड नाही. गूगलच्या नकाशावर विनामूल्य होणारी नोंद, तीतील वेळ, साप्ताहिक सुटी आणि दूरध्वनी त्याने अचूक राखला, तरी त्याचे काम भागते.

परंतु ज्याचा माल गावाची वेस ओलांडतो, त्याची गोष्ट निराळी. डोंबिवलीहून दिवाळीचा फराळ परदेशी जातो. अमेरिकेतील लेक संध्याकाळी मागणी नोंदवण्यास बसते, तेव्हा येथे पहाट उजाडायची असते. चकलीचे वजन किती, अनारसे किती दिवस टिकतील, खोके रवाना करण्याची अखेरची तारीख कोणती, हे सांगण्यास दुकानात कोणी नसते. ते काम संकेतस्थळ इमानेइतबारे करते. याच डोंबिवलीत पुंडलिक पै यांनी १९८६ साली शंभर पुस्तकांनिशी सुरू केलेल्या फ्रेंड्स लायब्ररीने, वाचकाने संकेतस्थळावरून पुस्तक निवडावे आणि ते त्याच्या घरी पोहोचावे, अशी व्यवस्था उभी केली. हे उदाहरण आपणा सर्वांना मार्गदर्शक ठरावे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. केवळ परक्याच्या मंचावर मांडलेले दुकान हे भाड्याच्या ओट्यावरचे दुकान होय: ओट्याचा धनी उद्या दलाली वाढवील, नियम बदलील, आणि वर्षानुवर्षे आलेल्या गिऱ्हाइकांची नोंद त्याच्याच दप्तरी राहील. सबब संकेतस्थळ आज उभारा अथवा न उभारा, संकेतस्थळाचा पत्ता म्हणून दुकानाचे नाव मात्र आजच नोंदवून ठेवा. २०१४ सालापासून देवनागरीतील ‘.भारत’ हा पत्ताही उपलब्ध आहे. ही नोंद संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या नावे न ठेवता स्वतःच्या नावे करावी, मुदत संपण्यापूर्वी तिचे नूतनीकरण करावे, आणि गिऱ्हाइकांची वही आपल्याच ताब्यात ठेवावी. तसेच गतवर्षीचे भाव दाखवणारे संकेतस्थळ गिऱ्हाइकाचा विश्वास घालवते; ज्याला ते नित्य अद्ययावत राखणे शक्य नाही, त्याने त्या वाटेस जाऊ नये.

व्यवस्थेतील उणेअधिक आपण पोटात घालावे. ज्या दुकानदारांना संकेतस्थळाचे हे काम एकट्याने जमणारे नाही, त्यांच्यासाठी सामायिक साहाय्याची तजवीज या संमेलनाने ठराव करून करावी, असे आवाहन करतो आणि अध्यक्षमहाराजांनी कामकाजास प्रारंभ करावा, अशी त्यांना नम्र विनंती करतो.