ऐनवेळची सहल आणि मळवलीचा मार्ग

ऐनवेळी ठरलेल्या शनिवार-रविवारच्या सहलीचा खर्च मुख्यतः खाजगी वाहन आणि मुक्काम यांमुळे वाढतो. म्हणूनच अनारक्षित तिकिटावर, म्हणजे आसन आधी राखून न ठेवता त्याच दिवशी खिडकीवर मिळणाऱ्या तिकिटावर, जाऊन सायंकाळी परतता येईल असे स्थळ अल्प खर्चात सर्वाधिक सोयीचे ठरते. पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावरील मळवली स्थानक हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तेथून पायी गाठता येणाऱ्या भाजे लेण्यांतील चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले बौद्ध प्रार्थनागृह, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे असून त्याचे खांब किंचित आत कललेले आहेत आणि कमानदार छताला लाकडी फासळ्या आहेत. लाकडी बांधकामाची घडण दगडात उतरवणाऱ्या त्या कारागिरांचे कौशल्य पाहून मन खरोखर थक्क होते. याच परिसरातील लोहगडाचा, २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांमध्ये समावेश झाला. त्याची विंचूकाटा ही लांब, निमुळती माची, अर्थात डोंगराची तटबंदीने सुरक्षित केलेली सोंड, निवांत पाहण्याजोगी आहे.

रेल्वे नसलेल्या ठिकाणी एस.टी. उपयोगी पडते, कारण राज्यांतर्गत प्रवासात महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे पडते. मळवलीहून दुपारी लोकल विरळ असल्याने परतीची वेळ निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी आणि पावसाळ्यात गडाच्या निसरड्या पायऱ्या उजेड असतानाच उतराव्यात.