लाल त्रिकोणाचा धडा

१९६१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता जेमतेम २८ टक्के होती. त्याच दशकात कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर आला. त्यात अक्षर नव्हते; तीन रेषा आणि एकच रंग. गावचा रंगारी तो सहज काढी, निरक्षर मातेलाही तो ओळखता येई. आरोग्य केंद्राची पाटी असो वा भित्तिपत्रक, सर्वत्र तेच रूप दिसल्याने तो मनावर ठसला.

परंतु १९७६ मध्ये नसबंदीची सक्ती झाली आणि त्याच खुणेकडे लोक भीतीने पाहू लागले. १९७७ मध्ये कार्यक्रमाचे नावही ‘कुटुंब कल्याण’ असे झाले. साधेपणामुळे बोधचिन्ह स्मरणात राहते. त्यावरील विश्वास मात्र त्यामागील सेवेनेच टिकतो. ग्रामपंचायतीने वा शाळेने पाटी रंगविताना एवढे ध्यानी ठेवावे.