“छान आहे” या अभिप्रायाविषयी
(ज्ञातिसंमेलनाच्या दुपारच्या सत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आज आम्हांस बोलण्याची आज्ञा केली. वेळ जेवणानंतरची, विषय संकेतस्थळाचा, आणि वक्ता मॅट्रिक होऊन ३६ वर्षे खडू झिजविलेला शिक्षक. तेव्हा आमच्याकडून संगणकशास्त्राची अपेक्षा कोणी ठेवू नये. आमच्या घरात एक गोष्ट घडली. तीत आमचाही दोष आहे. ती आपल्यापैकी पुष्कळ घरांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून सांगावयास उभे राहिलो आहोत.

आमचा एक पुतण्या पुण्यास नोकरीस आहे. गेल्या वर्षी दसऱ्याच्या मुहूर्तावर त्याने मराठीत एक संकेतस्थळ सुरू केले. त्याचा विषय अगदी नेमका आहे: शिलाईची यंत्रे, सुया, दोरा, कात्र्या आणि इस्त्र्या यांचे गुणदोषपरीक्षण. आपला शिंपी समाज सुईदोऱ्यावर वाढला. आज मुले इतर व्यवसायांत गेली तरी घराघरांतून एक तरी यंत्र अजून फिरते आहे. या वस्तूंविषयी इंग्रजीत वाचावयास पुष्कळ मिळते; परंतु तालुक्याच्या गावी ब्लाऊज शिवणाऱ्या बाईस तिच्या भाषेत दोन गोष्टी सांगणारा कोणी नाही, हे त्याच्या मनाने घेतले. वर्षभराची शिल्लक त्याने या कामी घातली. हेतू चांगला होता आणि आजही आहे.

संकेतस्थळ सुरू होताच त्याने सर्व नातेवाइकांस कळवून अभिप्राय मागविले. उत्तरांचा पाऊस पडला. “छान आहे”, “स्तुत्य उपक्रम”, “समाजाला अभिमान वाटतो”. काहींनी नुसते जोडलेले हात पाठविले. आम्ही स्वतः चष्मा लावून सर्व मजकूर वाचला आणि लिहिले की, उपक्रम उत्तम आहे, मात्र दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले आहेत. आपण मोठे साक्षेपी परीक्षण केले असे त्या दिवशी आम्हांस वाटले होते.

आमच्या दुसऱ्या पुतण्याची पत्नी, म्हणजे आमच्या सूनबाई, तालुक्याच्या गावी शिवणकाम करतात. त्यांनीही “छान आहे, भाऊजी” असेच कळविले होते. पुढे दोन महिन्यांनी त्यांनी त्या संकेतस्थळावरील परीक्षण वाचून, बचत गटाचे कर्ज काढून, कारखान्यात वापरतात तसले जलद यंत्र घेतले. आपल्या घरोघरीच्या काळ्या यंत्राला छिद्राछिद्रांतून तेलाचे थेंब सोडतात, हे आपण सर्व जाणता. या जलद यंत्राची रीत वेगळी. त्याच्या डोक्याखाली टेबलात तेलाची टाकी असते. तीत खुणेपर्यंत तेल भरावे लागते, आणि यंत्र चालू झाले की आतला पंप ते तेल वर चढवितो. टाकी कोरडी ठेवून यंत्र पळविणे म्हणजे त्याचा घातच. सूनबाईंनी नेहमीच्या सवयीने चार थेंब सोडले आणि काम सुरू केले. तिसऱ्या दिवशी यंत्र जागच्या जागी धरले गेले. चूक वापरणाऱ्याची म्हणून ती हमीत बसली नाही. दुरुस्तीस गटाचे दोन हप्ते गेले, आणि लग्नसराईतले पंधरा दिवसही गेले.

परीक्षणात तेलाविषयी एक अक्षर नव्हते. पुतण्याने ते यंत्र एका विक्रेत्याच्या दुकानात तासभर चालवून पाहिले होते, आणि तेथे टाकी अगोदरच भरलेली होती!

ही हकीकत आम्हांस संक्रांतीस गेलो तेव्हा कळली, तीही सूनबाईंकडून नव्हे, शेजारणीकडून. आम्ही विचारले, “तुम्ही हे पुतण्यास का कळविले नाही?” त्या म्हणाल्या, “काका, वाचताना तेलाचे काही दिसले नाही, हे माझ्या मनात आले होते. पण वाटले, शिकलेल्या माणसांनी लिहिले आहे, मलाच समजले नसेल.”

हे वाक्य ऐकून आम्हांस आमचा वर्ग आठवला. गणिताची रीत शिकवून झाली की आम्ही विचारत असू, “समजले का?” आणि साठ मुले एका सुरात “होय गुरुजी” म्हणत. नोकरीची पहिली काही वर्षे आम्ही त्या होकारावर विश्वास ठेवला. मग सहामाहीचे कागद तपासताना डोळे उघडले. ज्याला समजत नाही त्याला स्वतःचीच लाज वाटते, शिकविणाराची नव्हे. म्हणून तो गप्प बसतो. पुढे आम्ही तो प्रश्न सोडून दिला आणि एखाद्यास फळ्याशी बोलावून, “हे उदाहरण करून दाखव” असे सांगू लागलो. मुलगा कोठे अडतो हे फळ्यावर दिसते, आणि पुष्कळदा असेही दिसते की चूक आमच्या सांगण्यात होती. जन्मभर वर्गात जे केले ते घरच्या कामी आठवू नये, याचे आश्चर्य वाटते.

पुतण्यास हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “काका, आमच्या धंद्यात ही रीत प्रसिद्ध आहे, मीच ती केली नाही.” त्याने सांगितले ते असे. जेकब नील्सन आणि टॉमस लँडाउअर या दोघा संशोधकांनी १९९३ साली याचा हिशेब मांडला. वापरणाऱ्या एका मनुष्यास शेजारी बसवून काम करावयास लावले, तर त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत सरासरीने ३१ टक्के अडचणी उघड होत. दुसऱ्या मनुष्यापाशी त्यांतल्या काही पुन्हा दिसतात, काही नव्या. असे करीत पाच जणांपर्यंत सुमारे ८५ टक्के अडचणी हाती लागतात. म्हणून १५ माणसे एकदम न बसविता पाच बसवावीत, दोष दुरुस्त करावेत, मग दुसरी पाच बसवावीत, असे नील्सन यांचे सांगणे आहे. अट इतकीच की ती माणसे खरोखरीची गरजू असावीत. साठ नातेवाइकांचे जोडलेले हात येथे उपयोगी नाहीत.

मग आमच्या ओसरीवर दोन रविवार हा प्रयोग झाला. पहिल्या सूनबाईच बसल्या. नंतर दोन कारागीर ठेवून दुकान चालविणारे एक वृद्ध शिंपी, शिवणवर्ग नुकताच पुरा केलेली एक मुलगी, शाळांच्या गणवेशाची कामे घेणारे एक गृहस्थ, आणि निवृत्तीनंतर घरी पिको-फॉलचे काम काढू इच्छिणाऱ्या एक बाई. प्रत्येकाच्या हाती मोबाईल देऊन सांगितले की, उद्या यंत्र घ्यावयाचे आहे असे समजा, यावरून ठरवा, आणि मनात येईल ते मोठ्याने बोला. आम्ही दोघांनी काही सुचवावयाचे नाही, समजावून द्यावयाचे नाही, फक्त टिपून घ्यावयाचे. शिक्षकास गप्प बसण्याइतकी कठीण शिक्षा नाही. पुतण्याची स्थिती आमच्याहून वाईट होती. त्याचे ओठ सारखे हलत होते.

काय दिसले ते ऐकावे. ती मुलगी तीन वेळा बोट खाली-वर फिरवून थकली, तरी तिला एकही यंत्र सापडले नाही. कारण आरंभी पुतण्याचे मनोगत होते, त्याखाली छायाचित्र, आणि त्याखाली पुन्हा मनोगत. आम्हांस ते मनोगत फार आवडले होते. पुढे एका ठिकाणी “९० ची सुई वापरावी” असे लिहिले होते. तेथे सूनबाई थांबल्या. आपण दुकानात १४ नंबरची सुई मागतो. वास्तविक ९० आणि १४ ही एकाच जाडीची दोन नावे आहेत. ९० म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजलेली जाडी. पुडीवर दोन्ही आकडे असतात, पण मागताना कोणी ९० म्हणत नाही. शिवाय घरगुती यंत्राच्या सुईची दांडी एका बाजूने चपटी असते, जलद यंत्राच्या सुईची गोल. एकीची दुसरीत चालत नाही. त्याचा उल्लेखच नव्हता.

यंत्र मिनिटास ५००० टाके घालते, हे परीक्षणात मोठ्या अक्षरांत छापले होते. निवृत्त बाई ते वाचून घाबरल्या. “इतके पळाले तर माझे बोट जाईल,” म्हणाल्या. वेग बेताचा ठेवता येणारी सर्व्हो मोटर मिळते, पाय दाबला तेवढ्यापुरतीच ती चालते आणि जुन्या क्लच मोटरसारखी रिकामी फिरत राहून वीज खात नाही, ही त्यांच्या खऱ्या उपयोगाची गोष्ट शेवटच्या ओळींत बारीक अक्षरांत होती. आणि गणवेशवाले गृहस्थ एकच प्रश्न विचारून थांबले: “वीज गेल्यावर काय?” पुण्यास बसून लिहिणाराच्या मनात हा प्रश्न कसा यावा? पायाने चालणारे काळे यंत्र विकू नये, जलद यंत्राशेजारी राहू द्यावे, हा सल्ला आता तेथे आहे.

वृद्ध शिंप्यांनी तर मोबाईल खाली ठेवला आणि विचारले, “बाळ, यावर तू जाड कापडाचे चार पदर शिवून पाहिलेस का? किती दिवस चालविलेस?” पुतण्याची मान खाली गेली. आमच्या मते त्या दोन रविवारांतला सर्वांत मोलाचा अभिप्राय तोच. अमेरिकेत १९३६ साली स्थापन झालेली ग्राहकसंस्था परीक्षणासाठी वस्तू बाजारातून स्वतः विकत घेत आली आहे आणि आपल्या मासिकात जाहिराती घेत नाही. मुंबईतही १९६६ पासून ग्राहकांस मार्गदर्शन करणारी संस्था आहे. आपल्या देशात नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इंटरनेटवरील ग्राहक-अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानकही केले. पैसे देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय छापू नयेत, हा त्यातला एक मुद्दा आहे. एकट्या तरुणास सगळी यंत्रे विकत घेणे कसे परवडावे? परंतु यंत्र कोणाचे होते, किती दिवस चालविले, कोणते कापड घातले, हे लिहिण्यास पैसा लागत नाही. आता प्रत्येक परीक्षणाच्या आरंभी ते असते.

आणखी एक गोष्ट. “तुम्ही हे संकेतस्थळ वापराल का?” या प्रश्नास पाचांनीही होकार दिला. तो आम्ही टिपलाच नाही. त्याऐवजी विचारले, “मागचे यंत्र घेतले तेव्हा कोणास विचारले होते?” ज्यांनी यंत्र घेतले होते त्यांनी एकच उत्तर दिले: दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीला. कोणत्या यंत्राचे सुटे भाग गावात मिळतात हे मिस्त्रीच जाणतो. क्वचित् त्याचेही दुकानदाराशी संधान असते, ती गोष्ट निराळी. पुतण्या त्यानंतर आठ-दहा मिस्त्रींकडे वही घेऊन बसला, आणि सुट्या भागांचे प्रकरण त्यातून तयार झाले.

सूचना म्हणाल तर त्याही पुष्कळ आल्या. रंग भगवा करा, वर गणपती घाला, आणि निदान सात जणांनी सांगितले की वधूवरांची माहिती घाला. सूचना करणारे आमचे स्नेही आहेत, येथे समोर बसलेही आहेत. त्यांचा राग नको. पण त्यांतल्या कोणास यंत्र घ्यावयाचे नव्हते.

सूनबाईंचे यंत्र आता चालते आहे. त्या परीक्षणाच्या माथ्यावर तेलाविषयी एक परिच्छेद आहे. तो त्यांनी सांगितला, पुतण्याने उतरून घेतला. त्यांच्या बोलीतच आहे; आम्ही त्यात एकही ऱ्हस्व-दीर्घ बदललेला नाही.

पुतण्या आज येथे आला असून बाहेर वर्गणीच्या टेबलाशेजारी बसला आहे. दुसऱ्या पाच जणांची त्यास गरज आहे. ज्यांच्या घरी दिवाळीपूर्वी यंत्र, कात्री अथवा इस्त्री घ्यावयाची आहे, त्यांनी पाव तास त्याच्याजवळ बसावे, आणि जेथे अडेल तेथे मोठ्याने अडावे. अभिनंदन करावयाचे असल्यास ते चहाच्या वेळी आमच्याजवळ करावे; त्याच्याजवळ नको.